शिक्का वस्तूवर, तपासणी कारखान्याची

प्रेशर कुकरच्या अंगावर, विजेच्या खटक्याच्या मागच्या बाजूला, सिमेंटच्या पोत्यावर आणि दुचाकीस्वाराच्या हेल्मेटच्या मागे जे एक छोटेसे चौकटीतले चिन्ह दिसते, त्याला बोलीभाषेत ‘आयएसआय मार्क’ म्हणतात आणि ते असले की वस्तू सरकारने तपासून दिलेली आहे, असा सर्वसाधारण समज असतो. हा समज अर्धाच खरा आहे. ज्या भारतीय मानक ब्यूरोच्या अधिकाराने ते चिन्ह उमटवले जाते, तिच्या एकाही अधिकाऱ्याने दुकानातल्या त्या विशिष्ट कुकरला बहुधा हातही लावलेला नसतो. तो तपासलेला असतो तो कारखान्यातल्याच माणसांनी, कारखान्याच्याच यंत्रांवर आणि कारखान्याच्याच वहीत नोंद करून. ब्यूरोने तपासलेली असते ती त्या कारखान्याची तपासण्याची रीत, त्यासाठी लागणारी साधने आणि अधूनमधून उचललेले काही नमुने. देशात दररोज बाहेर पडणाऱ्या असंख्य वस्तूंवर मोजक्या मनुष्यबळाच्या आधारे सरकार नियंत्रण कसे ठेवते, हे कोडे त्या चिन्हाचा हा नेमका अर्थ ध्यानात घेतल्याशिवाय उलगडत नाही.

मानक म्हणजे एखादी वस्तू कशी असावी, तिच्यात काय असावे व काय नसावे आणि ते कोणत्या रीतीने तपासावे, यांविषयी सर्व संबंधितांनी मान्य केलेला लेखी दस्तऐवज. तो कुणा एका अधिकाऱ्याच्या टेबलावर तयार होत नाही. त्या त्या विषयाच्या समितीत उत्पादक, ग्राहक संघटना, प्रयोगशाळा, शिक्षणसंस्था आणि सरकारी खाती यांचे प्रतिनिधी बसतात, मसुदा अभिप्रायांसाठी खुला केला जातो आणि मगच तो प्रसिद्ध होतो. ज्यांच्यावर मानक लागू होणार तेच ते लिहायला बसतात, याविषयी तक्रार होते आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु पत्र्याची जाडी किती कमी केली की भांडे धोक्याचे होते, याचे ज्ञान पुष्कळदा त्यांच्याकडेच असते, ही अडचणही तितकीच खरी आहे. भारतात हे काम ६ जानेवारी १९४७ पासून, म्हणजे स्वातंत्र्याच्याही सात महिने आधी, भारतीय मानक संस्थेने सुरू केले. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आयएसआय हा शब्द रूढ झाला. १९८६ च्या कायद्याने तिच्या जागी १ एप्रिल १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो आली; संस्था गेली, पण तिची अक्षरे लोकांच्या तोंडी आणि चिन्हाच्या चौकटीत राहिली. मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, म्हणजे ‘आयएस १’, मिळाला तो कुठल्या यंत्राला नव्हे, तर १९५१ मध्ये राष्ट्रध्वजाला. खादीचा पोत, रंगांच्या छटा, निरनिराळ्या आकारांची मापे आणि शिलाई या सर्व गोष्टी त्यात ठरवून दिल्या आहेत, आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीसारख्या ठिकाणी ध्वज शिवणाऱ्या हातांना यंत्राच्या एखाद्या सुट्या भागाइतकीच काटेकोर मापे पाळावी लागतात, ती यामुळे.

ब्यूरोची अशी वीस हजारांहून अधिक मानके असली, तरी त्यांतली बहुतेक ऐच्छिक आहेत. कुणी ती पाळली नाहीत तर बाजारात त्याची पत कमी होईल, पण गुन्हा होणार नाही. ऐच्छिक मानकाला दंडाचे दात येतात ते गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे. २०१६ च्या भारतीय मानक ब्यूरो अधिनियमाच्या कलम १६ नुसार लोकहित, माणसांचे, प्राण्यांचे व वनस्पतींचे आरोग्य, पर्यावरणाची सुरक्षितता, अनुचित व्यापारी प्रथांना आळा आणि राष्ट्रीय सुरक्षा यांपैकी कोणत्याही कारणासाठी केंद्र सरकार एखाद्या वस्तूवर मानक चिन्ह सक्तीचे करू शकते. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. मानक लिहिते ब्यूरो, परंतु ते सक्तीचे करण्याचा आदेश काढते त्या उद्योगाशी संबंधित मंत्रालय, आणि आदेश निघाल्यावर अंमलबजावणी पुन्हा ब्यूरोच्या अंगावर येते. त्यामुळे काय सक्तीचे व्हावे हा निर्णय निव्वळ तांत्रिक राहत नाही. त्यात आयात-निर्यात, देशी उद्योगांचे हितसंबंध आणि किमती यांचाही हिशेब मिसळतो.

खेळण्यांच्या बाबतीत हा प्रवास स्पष्ट दिसतो. मुलांच्या खेळण्यांची मानके पूर्वीपासून होती, पण रस्त्यावरच्या गाडीपासून मोठ्या दुकानापर्यंत कुठेही ती सहसा विचारली जात नसत. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातील बाजारांतून आयात खेळणी उचलून तपासली, तेव्हा त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मानकात बसली नाहीत. त्यानंतर २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर, ती देशी असोत वा परदेशी, मानक चिन्ह आवश्यक ठरले. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ ही मानके धरली जातात.

यांपैकी आयएस ९८७३ या मानकातली एक चाचणी इतकी साधी आहे की ती घरच्या ओट्यावरही समजून घेता येईल. ३१.७ मिलिमीटर आतल्या व्यासाची एक नळकांडी घेतात; तिचा तळ तिरका असतो, म्हणजे एका बाजूला खोली २५.४ मिलिमीटर, तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्याचा जो भाग कसाही फिरवून, पण न दाबता, या नळकांडीत पूर्णपणे मावतो, तो मुलाच्या घशात अडकू शकतो असे मानले जाते. मात्र चाचणी खेळणे नवे असताना करून भागत नाही. अस्वलाचे बटणाचे डोळे पिळून आणि ठरावीक जोराने ओढून पाहतात, गाडीची चाके खेचतात, खेळणे ठरावीक उंचीवरून पुनःपुन्हा आपटतात आणि या सगळ्या हालअपेष्टांनंतर जे सुटून आले ते नळकांडीत टाकतात. थोडक्यात, दोन वर्षांचे मूल आठवडाभरात जे करते, ते प्रयोगशाळेत नियमाने तासाभरात केले जाते. रंगाची तपासणी निराळी. खेळण्यावरचा रंग खरवडून त्याची पूड शरीराच्या तापमानाइतक्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात, कारण मुलाच्या पोटात जाणारा रंग जठररसात भिजणार असतो. त्या आम्लात शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांसारखी आठ मूलद्रव्ये किती उतरली हे मोजतात. रंगात शिसे किती आहे, यापेक्षा पोटात किती सुटेल, हा प्रश्न येथे विचारला जातो.

असे चिन्ह लावण्याचा परवाना मिळवण्यासाठी कारखानदाराला जी वाट चालावी लागते, तिच्यात पुष्कळदा यंत्रांपेक्षा कागदच अधिक असतात. अर्ज आल्यावर ब्यूरोचा अधिकारी कारखान्यात जातो, कच्चा माल कुठून येतो, उत्पादनाच्या कोणत्या टप्प्यावर काय तपासले जाते, तपासणीची उपकरणे आहेत का आणि त्यांचे अंशांकन, म्हणजे त्यांची मापे प्रमाणित मापांशी पडताळून पाहण्याचे काम, वेळेवर झाले आहे का, हे पाहतो. नमुना मोहोरबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. तो उतरला की परवाना मिळतो आणि त्याच्याबरोबर येते एक तपासणी योजना: कोणती चाचणी दर नगावर करायची, कोणती दर पाळीला नि कोणती महिन्यातून एकदा, हे तिच्यात ठरवून दिलेले असते. त्या दिवसापासून कारखान्यातील तपासनीस पगार मालकाकडून घेतो, परंतु त्याच्या वहीची वाचक ब्यूरो होऊन बसते. पुढे अधिकारी अचानक भेट देतो तेव्हा तो यंत्रांइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, ती वही बारकाईने चाळतो. कारण सहा महिने दर दिवशी अगदी एकसारखा आकडा लिहिलेली वही पाहून अनुभवी माणसाला काय समजायचे ते समजते. नमुना नापास झाला किंवा चाचण्या होत नसल्याचे आढळले, तर चिन्ह लावणे थांबवण्याचा आदेश दिला जातो, आणि सुधारणा न झाल्यास परवाना रद्द होऊ शकतो.

सगळ्याच वस्तूंना एवढी कडक वाट नाही. मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवे अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी २०१२ च्या आदेशाने निराळी नोंदणी पद्धत आणली. तिच्यात निर्माता मान्य प्रयोगशाळेतून आपल्या नमुन्याची चाचणी करवून घेतो, वस्तू मानकानुसार असल्याची घोषणा स्वतःच करतो आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर छापतो. येथे परवान्याआधी कारखान्याची पाहणी होत नाही. ज्या धंद्यात मॉडेल दर काही महिन्यांनी बदलते, तेथे याहून जड व्यवस्था चालणे कठीण होते हे खरे. पण अशा चिन्हामागचा भरवसा त्या मानाने हलका असतो, हेही विसरता येत नाही.

प्रेशर कुकरचे उदाहरण घेतले तर मानक नेमके कशाची काळजी करते हे कळते. घरगुती कुकरमध्ये वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाने जास्त असतो, म्हणून आतले पाणी शंभरऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते आणि डाळ लवकर शिजते. हा दाब वरची शिट्टी राखते. ती उचलली जाते तेव्हा जास्तीची वाफ निघून जाते. शिट्टीच्या नळीत तांदळाचा दाणा किंवा डाळीचे टरफल अडकले तर काय, या प्रश्नाचे उत्तर झाकणातल्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये असते: त्यातला मिश्रधातू ठरावीक तापमानाला वितळतो आणि वाफेला दुसरी वाट मिळते. काही कुकरमध्ये त्याच्याही पलीकडे झाकणाच्या कडेला एक खाच असते, जिच्यातून दाब फार वाढल्यास रबराची रिंग बाहेर ढकलली जाऊन वाफ निसटते. म्हणजे एक चूक झाली तरी अपघात होऊ नये, अशी मांडणी मानकाने केलेली असते. आयएस २३४७ या मानकात भांड्याला नेहमीच्या दाबापेक्षा बराच अधिक दाब सोसता आला पाहिजे, हे पाण्याच्या दाबाने तपासून पाहण्याची तरतूद आहे. पाणी वापरण्याचे कारण असे की वाफ किंवा हवा दाबली जाऊन ऊर्जा साठवते आणि भांडे फुटले तर तुकडे उडतात, पाणी मात्र फारसे दाबले जात नसल्याने भांडे नुसतेच फाटते. या वस्तूवरही चिन्ह सक्तीचे झाले ते २०२१ मध्ये. बाजारात मिळणाऱ्या सुट्या, बिनचिन्हाच्या सेफ्टी व्हॉल्व्हने मात्र या साऱ्या दक्षतेला घरोघरी खिंडार पडते, कारण चाचणीला उतरलेला असतो तो त्या कुकरचा मूळचा व्हॉल्व्ह.

सोन्याच्या दागिन्यांची गोष्ट या सर्वांहून वेगळी आहे. येथे प्रश्न जिवाच्या सुरक्षिततेचा नाही, फसवणुकीचा आहे, आणि चिन्ह खरोखरच प्रत्येक डागावर स्वतंत्रपणे उमटते. हॉलमार्कची ऐच्छिक योजना २००० साली सुरू झाली. २३ जून २०२१ पासून ती प्रथम २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा विशिष्ट ओळख क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आता डागावर तीन खुणा असतात: ब्यूरोचे चिन्ह, कस सांगणारा आकडा आणि तो क्रमांक. २२ कॅरेटच्या पुढे ‘९१६’ लिहिलेले असते, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने. दोन ग्रॅमपेक्षा हलके डाग सक्तीतून वगळले आहेत. जळगावसारख्या सराफीच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस ठरवला जाई. त्यात सराफाची नजर आणि गिऱ्हाइकाचा विश्वास दोन्ही लागत. आजच्या परख केंद्रात आधी क्ष-किरणांच्या यंत्राखाली डाग ठेवतात, जे वरच्या थराचा अंदाज देते. परंतु अखेरचा निवाडा आगीच्याच परीक्षेने होतो. लॉटमधून घेतलेला सोन्याचा बारीकसा तुकडा तोलून, चांदी मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र वाटीत ठेवून भट्टीत तापवतात. शिसे वितळते, हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावते आणि तांबे, जस्त असल्या हिणकस धातूंना सोबत घेऊन वाटीत मुरते. वर उरतो सोन्या-चांदीचा चकाकता मणी. तो चपटा करून, लाटून नत्राम्लात उकळला की चांदी विरघळते आणि जे उरते ते फक्त सोने असते. त्याचे वजन मूळ वजनाने भागले की कस मिळतो. डाख लावताना वापरलेला हलका धातूही या हिशेबातून सुटत नाही. हॉलमार्कपेक्षा कस कमी निघाला, तर कमी पडलेल्या शुद्धतेच्या किमतीची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळण्याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे. ही तरतूद ग्राहकांना फारशी ठाऊक नसते, आणि तीच बहुधा सर्वांत उपयोगाची आहे.

तरीही नियमन कारखान्यात किंवा परख केंद्रात जिंकले किंवा हरले जात नाही. त्याची खरी परीक्षा बाजारात होते. परवानाधारकाचा माल पुन्हा दुकानातून विकत घेऊन तपासणे हे एक काम, आणि परवाना नसताना चिन्ह लावणाऱ्याला, किंवा सक्तीची वस्तू बिनचिन्ह विकणाऱ्याला पकडणे हे दुसरे. दुसरे काम अवघड, कारण खोटा शिक्का तयार करायला एक ठसा किंवा छापील स्टिकर पुरतो. खऱ्या चिन्हात वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ अशा अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो टाकला की कारखान्याचे नाव, पत्ता, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही, हे दिसते. रस्त्याकडेच्या हेल्मेटच्या ढिगात ज्याच्यावर मानकाचा क्रमांक आहे पण परवान्याचा नाही, असे हेल्मेट हाती लागले, तर एवढ्यावरूनच संशय घ्यायला हरकत नाही. माहिती मिळाल्यावर २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २८ नुसार अधिकाऱ्यांना गोदामाची झडती घेऊन माल जप्त करता येतो, पंचनामा होतो आणि प्रकरण न्यायालयात जाते. कायद्याने सक्तीच्या वस्तूंबाबत दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख व पुढे किमान पाच लाख रुपये दंड ठेवला असून, तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

हे सर्व काम ब्यूरो एकटी करते असेही नाही. वाहने आणि त्यांचे भाग तपासण्यात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनचा मोठा वाटा आहे, तर दाबाच्या टाक्या, स्फोटके आणि गॅसचे सिलिंडर यांवर नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची देखरेख असते. स्वयंपाकघरात येणाऱ्या लाल सिलिंडरच्या वरच्या कड्याला टेकलेल्या उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन अंक रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असे चार अक्षरांत वर्ष विभागलेले आणि अंक म्हणजे साल. तोपर्यंत त्या सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. गॅसची मुदत संपते, असा त्याचा अर्थ लावून उगीच घाबरण्याचे कारण नसते. येथे नियामकाचा लेखी निरोप वस्तूवरच, सर्वांना वाचता येईल असा आहे, आणि तो वाचणारे मात्र विरळा.

सक्तीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे या व्यवस्थेचे अवघड जागेचे दुखणे आहे. मोठ्या कारखान्याला स्वतःची प्रयोगशाळा, परवान्याचे शुल्क आणि नोंदवह्या सांभाळणारा माणूस परवडतो. चार कामगारांच्या कारखान्याला ते गळ्याशी येते. म्हणून खेळण्यांच्या आदेशात हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना सूट दिली आणि सूक्ष्म उद्योगांना स्वतःच्या प्रयोगशाळेच्या अटीत काही काळ ढील दिली. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि भातुकलीची भांडी रंगवणाऱ्या नोंदणीकृत कारागिराला या सवलतीमुळे चिन्हाशिवाय विक्री करता येते. हे न्याय्य आहे. फक्त त्या फळाच्या रंगातले शिसे कारागिराची नोंदणी पाहून ठरत नाही, ही बोच उरतेच. दुसऱ्या टोकाला, कच्च्या मालावरचे आदेश सुरक्षिततेसाठी कमी आणि आयात रोखण्यासाठी अधिक वापरले जातात, अशी तक्रार कापड आणि प्लास्टिक उद्योगांनी लावून धरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने कृत्रिम धाग्यांच्या व प्लास्टिकच्या कच्च्या मालावरील काही आदेश मागे घेतले. कुकर फुटून कुणी जखमी होते, तसे पॉलिएस्टरच्या कच्च्या मालाने होत नाही. तेव्हा या दोहोंना एकाच मापाने मोजणे मुळातच ताणलेले होते.

माल विकला गेल्यानंतर काय, हा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला गेला. २०१६ च्या कायद्याने सदोष माल बाजारातून परत बोलावण्याची तरतूद केली, परंतु पेठेतल्या दुकानातून रोखीने नेलेला कुकर कोणत्या घरात वापरला जातो आहे याची नोंद दुकानदाराकडे क्वचितच असते. जाहिरात दिली तरी ती वाचणारी व्यक्ती आणि कुकर वापरणारी व्यक्ती एकच असेल असे नाही. ऑनलाइन विक्रीने अंमलबजावणी अवघड केली, कारण विक्रेता कुठला, गोदाम कुठले आणि जबाबदार कोण, हे झटकन सांगता येत नाही. पण त्याच विक्रीने एक अनपेक्षित गोष्टही दिली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बिनचिन्हाचे कुकर विकू दिल्याबद्दल काही मोठ्या ऑनलाइन विक्री मंचांवर प्रत्येकी एक लाख रुपये दंड लावला आणि खरेदीदारांना कळवून कुकर परत घ्यावेत व पैसे परत करावेत, असे आदेश दिले. काही प्रकरणे पुढे न्यायालयात गेली. एक लाख रुपयांचा दंड अशा कंपन्यांना जाणवण्याजोगा नाही. मात्र कोणता कुकर कोणत्या पत्त्यावर पोहोचला, याची यादी त्यांच्या संगणकात होती. नव्वदच्या दशकात एखाद्या तालुक्याच्या बाजारात असाच सदोष माल खपला असता, तर निरीक्षकाच्या हाती दुकानदाराच्या उधारीच्या वहीपलीकडे काहीच लागले नसते, आणि तिच्यातही रोखीने नेणाऱ्यांची नावे नसती.